मत्तय २७:२५ मुलांना कसे शिकवावे?

प्रश्न (शब्बाथशाळा शिक्षिका)
सर्वांना सलाम. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी रविवारच्या मोठ्या मुलांच्या वर्गात बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २७वा अध्याय घ्यायचा आहे. येशूचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो, हा पिलातापुढे जमलेल्या यहूदी जमावाचा उद्गार आला की ‘म्हणजे यहूद्यांनीच मारले ना?’ असे मुले हमखास विचारतात. याच वचनाचा आधार घेऊन युरोपात शतकानुशतके यहूद्यांचा छळ झाला. ते वचन गाळावे का?

निवृत्त पाळक
ताई, गाळू नका. मुले ते घरी वाचतीलच आणि तेव्हा समजावणारे कोणी नसेल. आदल्याच अध्यायात (२६:२८) येशू प्याला देताना आपले रक्त पुष्कळांच्या पापक्षमेसाठी ओतले जात आहे असे सांगतो. ज्या शुभवर्तमानात त्या रक्ताने क्षमा मिळते, त्यातूनच एका वंशाला पिढ्यान्‌पिढ्यांचा शाप काढून दाखवणे हा मत्तयावर अन्याय आहे. सोबत लूक २३ उघडायला लावा. तेथे २७व्या वचनात मोठा समुदाय आणि शोक करणाऱ्या स्त्रिया येशूच्या मागे चालतात, तर ४८व्या वचनात जमलेले लोक ऊर बडवीत परत जातात. तेही यहूदीच होते. वधस्तंभाची शिक्षा मात्र रोमी सुभेदार पंतय पिलाताची, आणि मतांगीकारातही (उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीतही) आपण नाव घेतो ते त्याचेच.

वसईचा कॅथलिक वाचक
पाळकसाहेबांशी सहमत आहे. आमच्याकडे शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहूद्यांविषयीचे अवमानकारक विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढले, आणि येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले. तरी वर्गात मी रोमकरांस पत्राचा ११वा अध्यायच वाचून दाखवीन, कारण कलम केलेल्या फांदीने मूळ फांद्यांपुढे, म्हणजे यहूद्यांपुढे, तोरा मिरवू नये, हे पौलाने परराष्ट्रीयांतून (यहूदी नसलेल्यांतून) आलेल्या विश्वासणाऱ्यांना, म्हणजे आपल्यालाच, बजावले आहे.

अलिबागकर
आमच्याकडे इस्राएल आळी आणि सिनेगॉग आहे. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहूद्यांची, मातृभाषा मराठीच. त्यांच्यापैकी कोणी वर्गात बसले आहे असे समजून धडा तयार करावा. ‘परूशी’ (येशूच्या काळातला एक यहूदी धार्मिक पंथ) हा शब्द ढोंगी या अर्थाने शिवीसारखा वापरण्याची आपली सवयही तेव्हाच खटकेल; रात्री येशूकडे आलेला आणि पुढे त्याच्या दफनासाठी सुगंधी द्रव्ये आणणारा निकदेम परूशीच होता.

शब्बाथशाळा शिक्षिका
आभारी आहे. मत्तय २६ आणि २७ एकाच रविवारी घेते, लूक २३ मुलांकडूनच वाचून घेते. निकदेमासाठी पुढचा रविवार ठेवते.