‘जिंकलात ना, मग आता हसा’ – यावर मला बोलायचंय

ठाणेकरीण:
काल चाफेकळी यांनी लिहिलं की त्यांच्या मावशीने कॅन्सरला हरवलं, शेवटच्या केमोनंतर दोन महिन्यांत ऑफिसला लागली, मनाची ताकद असली की सगळं जमतं, आणि बरे होऊनही जे रडगाणं गातात ते घरच्यांनाही आजारी पाडतात. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून वेगळा धागा काढतेय.

मला चार वर्षं झाली. स्तनाचा, उजवीकडे. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, शेवटच्या दिवशी घरी पेढे आणले. पेढे खाऊन सगळे आपापल्या कामाला लागले आणि त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण तोपर्यंत दर तीन आठवड्यांनी कुणीतरी तपासत होतं, आता कुणीच नाही. पाठ दुखली की वाटतं हाडात गेला, खोकला आला की फुप्फुसात. फॉलोअपच्या आधीचे आठ दिवस मी घरात कुणाशी नीट बोलत नाही. हार्मोनची गोळी अजून चालू आहे, पाच वर्षं तरी, कदाचित दहा, रात्री दोनला घामाने गाऊन बदलावा लागतो. मीटिंगमध्ये साधा शब्द आठवत नाही. साहेबांनी ‘तुम्हाला त्रास नको’ म्हणून माझे क्लायंट दुसऱ्याला दिले, मला विचारलंही नाही. आणि हळदीकुंकवाला एका नातेवाईक बाईंनी मला पाण्याचा पेला वेगळा दिला. योद्धा योद्धा म्हणतात तेव्हा मला एवढंच कळतं की यांच्यासमोर आता ‘दमले’ म्हणायचं नाही.

चाफेकळी:
माझ्या मावशीला मध्ये ओढायची गरज नव्हती. ती डोक्याला स्कार्फ बांधून पाच वाजता उठून मुलांचे डबे करायची. मी तिच्याबरोबर परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जायचे, तिथे फुटपाथवर राहणारी माणसं बघितलीत का कधी, बिहार-बंगालहून आलेली, त्यांना मनबिन बघायला वेळ आहे का? तुम्हाला घर आहे, नोकरी आहे. मन खंबीर असलं की शरीर साथ देतंच, डोळ्यांनी पाहिलंय मी.

जुना परळकर:
मन खंबीर असलं की? २००७ साली जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १०९३ रुग्णांवरचा अभ्यास छापला, मनःस्थिती चांगली असणं आणि जास्त जगणं यांचा संबंध सापडला नाही. पण अभ्यास राहू द्या. माझी बायको शेवटपर्यंत हसत होती, सून घरात यायची म्हणून साडी काढून ठेवली होती तिने. तेराव्याला एक गृहस्थ मला म्हणाले, वहिनींनी धीर सोडला असणार. तुमच्या वाक्याचं दुसरं टोक हे आहे ताई. आणि फुटपाथवरच्या माणसाला मन नसतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कुणाशी दहा मिनिटं बसून बोला एकदा.

ठाणेकरीण:
नोकरी आहे, खरंय. त्या नोकरीला जाते कशी तेही ऐका. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात फुगतो, त्यावर घट्ट दाबाची स्लीव्ह घालते, लोकलमध्ये वरचं हँडल धरून उभं राहता येत नाही. म्हणून अपंगांच्या डब्यात चढते, तिथे कॅन्सर पेशंटना जागा आहे. पण केस परत आलेत, लिपस्टिक लावते, मग रोज कुणीतरी ‘मॅडम, लेडीज पुढे आहे’. एकदा कार्ड दाखवलं तर एका बाईने मोठ्याने विचारलं, कुठला कॅन्सर? अख्खा डबा माझ्या छातीकडे बघायला लागला.

ठाकुर्ली स्लो:
डब्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मला लहानपणी पोलिओ झाला, पायाला आधाराचा कॅलिपर लावून तीस वर्षं प्रवास करतोय. सकाळी अर्धा डबा धडधाकट माणसांनी भरलेला असतो, कुणाच्या पायाला पट्टी, कुणी नुसतंच दादागिरीने. आणि तुम्हीच वर लिहिलंय की उपचार झाले, पेढे वाटले. मग पेशंट कशा? बरी की आजारी, एक काय ते ठरवा.

ठाणेकरीण:
तेच तर ठरत नाहीये ना दादा! ऑफिसला मी आजारी, नातेवाइकांना बरी, डब्यात खोटी. हात फुगलाय तो तुम्हाला दिसत नाही कारण मी लांब बाह्या घालते.

चाफेकळी:
बघा, आता डब्यातही सहानुभूती हवी. माझी मावशी जनरल डब्यातून उभी जायची.

जुना परळकर:
मावशी पुरे हो! सगळ्यांच्या शरीराचं माप तुमच्या मावशीवर काढणार का?

नाव नको:
मी नवरा आहे. बायकोला सहा वर्षं झाली, रिपोर्ट सगळे चांगले. पण ती कुठल्या लग्नाला येत नाही, मला हात लावू देत नाही, मुलगी दहावीला आहे तिचे मार्क कुणी विचारत नाही, जेवताना रोज तोच विषय. चाफेकळींचा शब्द कडू आहे, पण घरचेही आजारी पडतात हे खोटं नाही. मी दमलोय हे कुणाला सांगू, लगेच म्हणतात तुला काय झालंय.

ठाणेकरीण:
तुमचं वाचून माझा नवरा आठवला, त्यानेही कधी विचारलं नाही आणि मीही नाही. टाटात मानसोपचाराची ओपीडी आहे, तुम्ही जिथे दाखवता तिथेही विचारा. ती तयार नसेल तर निदान तुम्ही स्वतःसाठी कुणाशी तरी बोला.

चाफेकळी:
‘रडगाणं’ हा शब्द मागे घेते. बाकी पोस्ट तशीच राहील. मावशी खंबीरच आहे. आजही रिपोर्टचं पाकीट ती स्वतः उघडत नाही, काका उघडतात, पण त्याचा तुम्ही लावाल तो अर्थ नाही.

ठाकुर्ली स्लो:
मी माझी सीट देणार नाही, आधीच सांगतो, माझे पाय मला उभं राहू देत नाहीत. तुमचं कार्ड मला पटलंय असंही नाही. पण मी नऊच्या आसपास ठाण्याला असतो, दाराजवळच्या बाकावर. चढलात की हाक मारा, समोर पाय पसरून बसलेल्यांना उठवायचं काम माझं. कुठला कॅन्सर ते कुणी विचारणार नाही.