उत्तर: शिंगाच्या मुठीचा स्वस्त घडीचा चाकू

हजार रुपयांच्या आत सांबरशिंगी मुठीचा घडीचा चाकू हवा, असं विचारलंत; तर तो नाद सोडा. सांबर-चितळाच्या शिंगाचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली बंद आहे. जंगलात गळून पडलेलं शिंगही त्यातच आलं, त्यामुळे ‘पेंचच्या जंगलाकडचं आहे’ म्हणून कोणी दाखवलं तर हातही लावू नका.

म्हशीचं शिंग घ्या. त्यावरचं काम उत्तर प्रदेशात संभलला होतं. ‘शिंग’ म्हणून काळं प्लास्टिकही खपवतात. तापलेली सुई मुठीच्या आतल्या बाजूला टेकवा; केस जळल्यासारखा वास आला तर शिंग. साच्याची शिवण दिसली तर सुईचीही गरज नाही, ते प्लास्टिकच.

सगळ्यात परवडणारं म्हणजे प्लास्टिक मुठीचा साधा चाकू घेऊन मुठीच्या दोन्ही बाजूंना शिंगाच्या पट्ट्या बसवणं. साधारण 4 मिमी जाडीची जोडी पुरते. नागपूरच्या इतवारीत हार्डवेअरकडे पितळी सळई मिळेल, तिचेच खिळे करा. शिंग उकळत्या पाण्यात मऊ करून दोन सपाट पत्र्यांत शिकंज्यात दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. घाई केली की वाकडं होतं. घासताना मास्क लावा, शिंग तापू देऊ नका. तापलं की पापुद्रे सुटतात.

आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. कोरड्या उन्हात शिंग आकसतं, खिळ्यापाशी तडकतं. म्हणून भोक खिळ्यापेक्षा किंचित सैल ठेवा, हातोडी हलकी मारा, उन्हाळ्याआधी जवसाच्या तेलाचा हात फिरवा. आणि चाकू गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको, दाबून सरळ केलेलं शिंग तिथे पुन्हा वळतं.