जुना लॅपटॉप ऑनलाईन बघितलाय, घेऊ का?

मिरजकर: बहिणीला बीसीएला ॲडमिशन मिळाली, नव्याचं बजेट नाही. ऑनलाईन एक थिंकपॅड दिसलाय, इंटेलचा आय ५ प्रोसेसर सातवी जनरेशन, ८ जीबी रॅम, १४ हजार म्हणतोय. माणूस पुण्याचा, २ हजार ॲडव्हान्स टाका मग कुरियर करतो म्हणतो. काय करू?

विश्रामबाग_कट्टा: भाऊ ॲडव्हान्स एक रुपया टाकू नका. आणि क्यूआर पाठवून स्कॅन करा पैसे परत येतील म्हणाला तर लगेच ब्लॉक करा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. कुणाचे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन लावायचा, उशीर केला की पैसे पुढं सरकतात.

कृष्णाकाठ: सातवी जनरेशन नकोच, विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा पुढची लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पोरीला तीन वर्षं वापरायचाय ना. सांगली-मिरजेतलाच बघा, हातात घेऊन तासभर चालवा, कमांड प्रॉम्प्टमधे powercfg /batteryreport टाकून बॅटरीचा रिपोर्ट काढा, डिझाईन कपॅसिटी (नवीन असतानाची) ४५ हजार आणि फुल चार्ज (आताची) २० हजार दिसली तर बॅटरी निम्म्याहून जास्त संपली समजा. थिंकपॅडला बायोस पासवर्ड (विंडोजचा नाही, मशीनच्या आतल्या सेटिंगचा) असेल तर हात लावू नका, तो सहजासहजी निघत नाही. कंपनीत वापरलेले जुने लॅपटॉप पण रिसेट केल्यावर कंपनीचं लॉगिन मागतात, म्हणून समोरच रिसेट करून घ्या.

मिरजकर: बरं झालं विचारलं. त्या पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं, आता आठवी जनरेशनचाच बघतो, इथलाच.

विश्रामबाग_कट्टा: बिल मागा, लॅपटॉपच्या खालचा सिरीयल नंबर त्याच्याशी जुळवा.