प्लेट व्होल्टेज आणि व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा आवाज

प्रश्न (देवगड)
नमस्कार मंडळी. वडिलांचा ईएल८४ या व्हॉल्व्हच्या जोडीचा अँप्लिफायर मी दुरुस्त करून वापरतो. आमच्याकडे विजेचा दाब संध्याकाळी १९० व्होल्टपर्यंत उतरतो आणि मध्यरात्रीनंतर २५० वर जातो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या प्लेटवर, म्हणजे धन टोकावर, सुमारे २५५ ते ३३५ व्होल्ट मिळतात. संध्याकाळी नाट्यपदांचा आवाज मऊ, गोल वाटतो. रात्री त्याच तबकडीवरचा तबला ठसठशीत येतो, पण तारसप्तक बोचते. हा प्लेट व्होल्टेजचाच परिणाम का? तसे असल्यास ते मुद्दाम कमी ठेवावे काय?

उत्तर (रत्नागिरी)
परिणाम खरा आहे, पण सगळे श्रेय प्लेटला देऊ नये. प्लेट व्होल्टेज उतरले की संकेताला वरखाली हलायला जागा कमी उरते, मोठ्या आवाजाच्या ठिकाणी लाटेची टोके लवकर दबतात आणि कानाला तोच मऊपणा वाटतो. आपल्या आकड्यांवरून कमाल शक्ती चाळीसेक टक्क्यांनी घटते, म्हणजे जेमतेम अडीच डेसिबल. म्हणून एकदा अगदी हळू आवाजात ऐकून पाहावे. फरक तेव्हाही टिकला तर कारण दुसरे आहे. १९० वर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला ६.३ ऐवजी ५.२ व्होल्टच मिळतात, इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड पुरेसा तापत नाही आणि असे रोज झाले तर व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. त्या मऊपणासाठी एवढी किंमत मोजू नये.

उत्तर (वेंगुर्ले)
मला चिंता रात्रीच्या ३३५ ची वाटते. ईएल८४ ची प्लेटची मर्यादा ३०० व्होल्ट आणि १२ वॅट आहे. कॅथोडच्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजून प्रवाह काढावा आणि त्यातून स्क्रीनचा, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा, प्रवाह वजा करावा. उरलेल्याला प्लेट ते कॅथोड व्होल्टेजने गुणले की वॅट मिळतात. शिवाय आपल्या खाऱ्या, दमट हवेत जुने कपलिंग कंडेन्सर (संकेत पुढे नेणारे, पण डीसी अडवणारे) डीसी गळू देऊ लागतात, तेव्हा ग्रिडवर, म्हणजे संकेत घेणाऱ्या जाळीवर, शून्याऐवजी धन व्होल्टेज दिसते. बंद केल्यावरही वीजपुरवठ्याच्या फिल्टर कंडेन्सरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री करूनच आत हात घालावा.

प्रश्नकर्ता (देवगड)
दोघांचेही मनापासून आभार. हळू आवाजात मऊपणाचा फरक जवळजवळ नाहीसा झाला, बोचरेपणा मात्र राहिला. एका ग्रिडवर १.८ व्होल्ट सापडले. तो कंडेन्सर बदलताच तारसप्तक मोकळे झाले. आता स्टॅबिलायझरवर प्लेट ते कॅथोड २९९ व्होल्ट आणि ३६ मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे अकरा वॅटच्या आतच.