मनुकाची आंघोळ : नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

रंगपंचमी

बी-३०४, दुपारी १.५०
मंडळी, जरा मदत हवी आहे. खाली रंग खेळताना पोरांनी आमच्या कुत्रीच्या पिल्लाला, मनुकालाही रंगवलंय. पाठ गुलाबी, दोन्ही कान हिरवे आणि शेपटीच्या टोकाला तो चंदेरी रंग. पोरांवर राग नाही, त्यांना ती आपल्यातलीच वाटते. पण ती सारखी अंग चाटतेय. आंघोळ घालावी म्हटलं तर बादलीचा आवाज ऐकूनच वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसलीय. बाहेर यायला तयार नाही.

ए-४०३, दुपारी १.५३
ताई, आमचा मुलगा होता त्यात. आत्ताच कळलं. खूप वाईट वाटलं. त्याला घेऊन वर येते.

ए-१०२ आजी, दुपारी १.५८
रॉकेलचा बोळा फिरव गं. आमच्या निफाडच्या मळ्यावर कुत्र्यांना तेच करायचो. रंगही जायचा आणि गोचीडही पडायचे.

सी-२०१ डॉक्टरकाका, दुपारी २.०१
आजी, रॉकेल अजिबात नको. कातडी भाजते, आणि चाटल्यावर पोटात आणि फुप्फुसात जातं. टर्पेंटाइन, स्पिरीट, फिनाईल यातलंही काही नको. गोचिडांचं औषध वेगळं असतं, ते वजन करून द्यायचं असतं.
बी-३०४, आज आंघोळ घालूच नका. कोरडा रंग आधी कोरडाच काढायचा. पाणी लागलं की तो केसांच्या मुळाशी उतरतो. मऊ ब्रश घ्या, नाहीतर जुना सुती पंचा, आणि केसांच्या दिशेने झटका. मग ओल्या फडक्याने पुसा. फडकं दर वेळी नव्या पाण्यात पिळा. चंदेरी रंग तेलकट असतो, पाण्याने निघत नाही. तेवढे केस कात्रीने कापून टाका, परत येतात. उलटी, लाळ गळणं, डोळे लाल होणं किंवा मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

बी-३०४, दुपारी २.०४
हो काका. आता मशीनच्या मागून कसं काढू? ओढू का?

सी-२०१ डॉक्टरकाका, दुपारी २.०५
ओढू नका. जमिनीवर बसा, तिच्याकडे बघू नका, हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा. वेळ लागू द्या.

ए-४०३, दुपारी ३.२०
मुलगा आणि मी दोघं जाऊन आलो. पंचाने पुसताना त्याने स्वतः तिचा पंजा हातात धरला होता. म्हणाला, आई, हिची छाती किती जोरात धडधडतेय. पुढच्या वर्षी हिला रंग लावायचा नाही, असं त्यानेच ठरवलंय. तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारायला बाबा घेऊन जाणार होते, तेही विसरला.

दुसरा दिवस

बी-३०४, सकाळी ८.१५
रात्र शांत गेली. जेवली, उलटी नाही. चंदेरी केस कापले. गुलाबी बराचसा उतरला, कान अजून हिरवे आहेत.
काका, एक सांगायचंय. ती पाण्याला घाबरते त्यात चूक माझी आहे. पंधरा दिवसांपूर्वी पहिली आंघोळ घातली. बाथरूमचं दार लावलं, शॉवर सोडला आणि माझ्याच साबणाने चोळलं. गुळगुळीत टाइलवर तिचे मागचे पाय फाकले, ती आपटली. डोळ्यात फेस गेला. मी तिला दाबून धरलं, कारण मला साडेनऊला बँकेत पोचायचं होतं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत पलंगाखाली होती. तेव्हापासून बादलीची कडी वाजली तरी पळते.

सी-२०१ डॉक्टरकाका, सकाळी ८.४०
मोकळेपणाने सांगितलंत हे बरं केलंत, आता इलाज सोपा आहे. ती पाण्याला घाबरत नाही. काल पावसाळी गटाराजवळच्या डबक्यात पाय बुडवून उभी होती, मी गॅलरीतून बघत होतो. तिला धास्ती आहे ती घसरण्याची, डोक्यावर पडणाऱ्या धारेची आणि बंद दाराची. तीन गोष्टी आहेत, एकेक सोडवायची.
पायाखाली ओलं करून पिळलेलं गोणपाट अंथरा. नखं रुतली की निम्मी भीती तिथेच जाते. शॉवर नको. बादली आधीच भरून ठेवा, गीझरचा आणि नळाचा आवाज तिच्यासमोर नको. दार उघडं ठेवा. चार महिन्यांचं पिल्लू पळालं तर फार तर हॉल ओला होईल, पुसून घ्यायचा.
पाणी कोमट, कोपर बुडवून बघा. कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं, म्हणजे आपल्याहून जास्त. पण म्हणून गरम पाणी नको, आपल्याला कोमट तेच तिलाही कोमट.
माणसाचा साबण बंद. आपली कातडी आम्लधर्मी, तिची त्यापेक्षा कमी आम्लधर्मी. आपल्या साबणाने ती कोरडी पडते, मग खाज, मग ओरबाडणं. कुत्र्यांचा सौम्य शांपू आणा.

ए-१०२ आजी, सकाळी ८.५२
रिठा चालेल का रे डॉक्टर?

सी-२०१ डॉक्टरकाका, सकाळी ८.५५
नको आजी, डोळ्यात गेला तर फार झोंबतो. एकदा झोंबलं की पिल्लू विसरत नाही.

डी-१०१ सेक्रेटरी, सकाळी ९.१०
एक विनंती. मार्च आहे, टाकी सकाळी भरते आणि दुपारपर्यंत तळ गाठते. प्राण्यांना पार्किंगमध्ये पाइप लावून धुऊ नये. घरी बादलीने घालायला कुणाची हरकत नाही.

सी-२०१ डॉक्टरकाका, सकाळी ९.१२
बरोबर आहे. तसंही पाइपची धार पिल्लाला नकोच. एवढ्याशा जिवाला दीड बादली पुष्कळ होते.

बी-१०२, सकाळी ९.३०
ताई, बक्षीस म्हणून द्राक्षं द्या ना. काल दिंडोरीहून मामाने पेटी पाठवलीय, आणून देऊ? गोड आहेत, पटकन खाईल.

सी-२०१ डॉक्टरकाका, सकाळी ९.३१
थांबा. द्राक्षं कुत्र्याला विष आहेत. मनुकाही, बेदाणाही. मूत्रपिंडं निकामी होतात आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही, एखाद्याला चार-दोन दाण्यांनीही त्रास होतो. आपल्या नाशकात या दिवसांत घरोघरी पेट्या उघड्या पडलेल्या असतात, म्हणून हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. दाणा जमिनीवर पडला तर लगेच उचला. चुकून खाल्ला तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. तिचं नाव मनुका आहे म्हणून लहान मुलांना तर पुन्हा पुन्हा सांगा.

बी-१०२, सकाळी ९.३३
बाप रे. खरंच माहीत नव्हतं. बरं झालं आधी विचारलं.

बी-३०४, सकाळी ९.३५
मी नाव ठेवलं तिच्या रंगावरून. डब्यातला सुकामेवा आत्ताच वरच्या फळीवर ठेवला.

सी-२०१ डॉक्टरकाका, सकाळी ९.४८
द्यायचंच तर उकडलेलं चिकन, पनीरचे बारके तुकडे, किंवा साधं बिनसाखरेचं दही. स्टीलच्या ताटलीला दही पातळ फासा आणि ताटली गोणपाटावर ठेवा. ती चाटत राहते, तेवढ्यात आपलं काम होतं.
आज फक्त एवढंच : कोरडी बाथरूम, कोरडं गोणपाट, ताटली. पाणी नाही. उद्या ओलं गोणपाट. परवा मगातून पंज्यांवर थोडं पाणी. रोज पाच मिनिटं, आणि ती कंटाळण्याआधी तुम्हीच थांबायचं. ओठ चाटणं, विनाकारण जांभई, शेपटी पोटाखाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही ‘आता पुरे’ असं सांगण्याची तिची पद्धत. तिथे थांबलात तर ती उद्या परत येईल.

पाचवा दिवस

बी-३०४, रात्री ८.२०
पहिल्या दिवशी उंबऱ्यावरून मान लांब करून दही चाटलं, पाय मात्र बाहेरच. दुसऱ्या दिवशी दोन पाय आत. काल चारही आत, पण पाण्याचा मग उचलताच जांभई दिली. पूर्वी मला वाटलं असतं झोप आलीय. तो मग खाली ठेवला आणि तिथेच थांबले. आज पंज्यांवर पाणी घातलं, तिने मान वर करून एकदा बघितलं आणि परत ताटलीत तोंड घातलं. मला रडूच आलं.

सी-२०१ डॉक्टरकाका, रात्री ८.३१
फार छान. रविवारी करू. सकाळी नको, अजून गारवा आहे. अकराला, गॅलरीत ऊन आल्यावर. मी येतो.

रविवार

बी-३०४, दुपारी १२.४०
झाली!! सगळं सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.
कानात कापसाचे सैल बोळे ठेवले, खोल नाही. काकांनी पाणी ओतायला मग वापरूच दिला नाही. कापड पाण्यात बुडवायचं आणि तिच्या पाठीवर हळूच पिळायचं, म्हणजे धार पडत नाही, पाणी नुसतं ओघळतं. मागच्या पायांपासून सुरुवात, मग पाठ, मग मान. शांपू आधी मगातल्या पाण्यात मिसळला, थेट अंगावर ओतला नाही. पाणी गुलाबी व्हायला लागलं तशी ती एकदा थरथरली. काकांनी तळहात तिच्या छातीवर ठेवला आणि आम्ही दोघं गप्प बसलो. मिनिटभराने तिने स्वतःच ताटली नाकाने पुढे ढकलली.
डोक्यावर पाणी घातलंच नाही. ओल्या फडक्याने कपाळ आणि कानांची बाहेरची बाजू पुसली. हिरवा थोडा राहिलाय, तो राहू दे. धुवायला मात्र शांपू लावण्याच्या दुप्पट वेळ घेतला, कारण काखेत आणि पोटाखाली फेस राहिला की खाज सुटते. मग टॉवेल दाबून टिपलं, घासलं नाही. हेअर ड्रायर काढलाच नाही. बाहेर आल्यावर हॉलमध्ये वेड्यासारख्या दहा फेऱ्या मारल्या. काका म्हणाले, आंघोळीनंतर पुष्कळ कुत्री असं करतात. आता उन्हात पालथी पडलीय.

ए-४०३, दुपारी १२.४६
मुलगा विचारतोय, पुढची आंघोळ कधी? त्याला कापड पिळायचंय.

सी-२०१ डॉक्टरकाका, दुपारी १२.५०
महिन्याने. मध्ये चिखलात लोळली तर गोष्ट वेगळी, नाहीतर ओलं फडकं पुरे. पण दही आणि गोणपाट आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, आंघोळ नसली तरी. त्याला त्यासाठी येऊ द्या.

ए-१०२ आजी, दुपारी १.०५
दही माझ्याकडून घेऊन जा गं, ताजं विरजलंय.

बी-३०४, संध्याकाळी ६.१०
आजी, दही आणलं. ताटली हातात घेतली आणि मागे वळून बघितलं, तर ही आधीच बाथरूममध्ये गोणपाटावर जाऊन बसलेली.