मदत हवी आहे : इलेक्ट्रिक गिटार संगणकाला जोडून रेकॉर्डिंग करताना आवाज मंद आणि उशिरा येतो

नमस्कार.

माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपून विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) असलेली इलेक्ट्रिक गिटार आणि विंडोजवर चालणारा लॅपटॉप आहे. स्वतः बांधलेल्या काही धुना घरीच रेकॉर्ड कराव्यात आणि रात्री इतरांना त्रास होऊ नये म्हणून हेडफोनवर ऐकत वाजवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सध्या गिटारच्या केबलच्या ६.३५ मिमी पिनेला अडॅप्टर लावून ती लॅपटॉपच्या ३.५ मिमी मायक्रोफोन जॅकमध्ये जोडली आहे.

आवाज येतो, परंतु तो घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. वरच्या तारांची ती खणखणीत धार, जिच्यासाठी मी ही गिटार निवडली, ती पूर्णपणे हरवते. जोरात छेडले की आवाज फाटतो. दुसरी अडचण मला अधिक छळते : तार छेडल्यानंतर हेडफोनमध्ये स्वर इतक्या उशिरा पोहोचतो की तालात वाजवणे अशक्य होते. शिवाय तारांवरचा हात काढला की सतत घूं असा आवाज येत राहतो आणि तारांना स्पर्श केला की तो कमी होतो.

सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझर लावून ही धार परत आणता येईल, की वेगळा ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) घेण्यावाचून पर्याय नाही? माझ्याकडे एक छोटा ॲम्प्लिफायरही आहे. त्याच्या मागच्या जॅकमधून आवाज थेट लॅपटॉपमध्ये घेतला तर चालेल का? जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे, म्हणजे पुढील निर्णय मला समजून घेता येईल.

प्रतिसाद :

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उपकरणे जळण्याचा धोका आहे. ॲम्प्लिफायरचा स्पीकरसाठी असलेला जॅक संगणकाच्या किंवा इंटरफेसच्या इनपुटला कधीही जोडू नये. तो सिग्नल स्पीकर हलवण्याइतका ताकदवान असतो आणि ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा असेल, तर स्पीकरचा भार काढल्यामुळे त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही निकामी होऊ शकतो. त्यावर ‘लाइन आउट’ असे लिहिलेला वेगळा जॅक असेल, तर तो इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडता येतो.

आता धार हरवण्याविषयी. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तारेची हजारो वेढ्यांची कॉइल. सिंगल कॉइलचा साधा रोध साधारण ६ किलोओहमच्या आसपास असतो, परंतु कॉइलच्या इंडक्टन्समुळे (वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला विरोध करण्याच्या गुणामुळे) स्वराची वारंवारता वाढेल तसा तिचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, कित्येक पटींनी वाढतो. लॅपटॉपच्या मायक्रोफोन जॅकचा इनपुट इम्पीडन्स सहसा काही किलोओहमच असतो, कारण तो छोट्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनसाठी बनवलेला असतो. अशा जॅकला गिटार जोडली की उच्च वारंवारतेचा बराचसा व्होल्टेज कॉइलमध्येच खर्ची पडतो आणि नेमकी धारच संगणकापर्यंत पोहोचत नाही. इक्वलायझरने त्या वारंवारता वाढवता येतात, पण त्यांच्याबरोबर खरखरही तितकीच वाढते आणि पिकअपचा मूळ स्वभाव परत येत नाही. म्हणून दुरुस्ती पहिल्या इनपुटपाशीच करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी ज्याच्या इनपुटवर ‘हाय-झेड’ (जास्त इम्पीडन्स) किंवा ‘इन्स्ट’ (वाद्य) असे बटण आहे, असा साधा यूएसबी इंटरफेस पुरेसा आहे. या स्थितीत इनपुट इम्पीडन्स साधारण १ मेगाओहम असतो, म्हणजे गिटार ॲम्प्लिफायरच्या इनपुटइतकाच. एका गिटारसाठी आठ इनपुटांचे यंत्र घेण्याची गरज नाही. आपल्याकडे यूएसबी जॅक असलेले मल्टी-इफेक्ट पेडल असेल, तर ते संगणकाला ऑडिओ इंटरफेस म्हणून दिसते का ते आधी पाहावे. बरीच पेडल हे काम उत्तम करतात आणि मग वेगळी खरेदीच टळते.

उशिराचे कारण वेगळे आहे. संगणक आवाज तुकड्यांत घेतो आणि तुकड्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, १०२४ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात आणि आवाज आत येताना व बाहेर जाताना अशी ही किंमत दोनदा मोजावी लागते. तोच बफर १२८ नमुन्यांचा केला, तर एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. हवेतून ध्वनीला १ मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दोन्ही दिशा आणि यंत्रणेतला इतर विलंब धरून एकूण ८-९ मिलिसेकंदांचा उशीर हा ॲम्प्लिफायरपासून तीन मीटरवर उभे राहून वाजवण्याइतकाच असतो आणि बहुतेक वादकांना तो जाणवत नाही. विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरऐवजी इंटरफेसच्या उत्पादकाने दिलेला एएसआयओ (कमी उशिरासाठी बनवलेला) ड्रायव्हर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडावा आणि आवाज तुटू लागेपर्यंत बफर टप्प्याटप्प्याने कमी करावा. हेडफोन ब्लूटूथचे असतील, तर या साऱ्या खटपटीचा उपयोग होणार नाही. तारेचेच हेडफोन वापरावेत.

घूं आवाज हा सिंगल कॉइलने आसपासच्या वीजतारांतून टिपलेला असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावे आणि स्क्रीनपासून थोडे दूर, गिटारची दिशा बदलत बसावे. मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल, तर पिकअप निवडण्याच्या कळीच्या दुसऱ्या व चौथ्या स्थानी हा आवाज बराच दबतो.

मूळ प्रश्नकर्ता :

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. इंटरफेस घेण्याचे ठरवले आहे. एक शंका उरते : ॲम्प्लिफायरशिवाय थेट घेतलेला आवाज कोरडा आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावल्यावर कर्कश वाटणार नाही का?

प्रतिसाद :

वाटेल, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग झपाट्याने कमी करतो आणि थेट आवाजात ती गाळणी नसते. म्हणून ॲम्प सिम्युलेटर (ॲम्प्लिफायरची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) वापरताना त्यातील कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा भाग चालू ठेवावा; तो सहसा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्या पेटीच्या आवाजाची नोंद, वापरतो. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हे मोफत प्लगइन सुरुवातीला पुरेसे आहे. मात्र त्यात कॅबिनेट नसलेले मॉडेल घेतल्यास इम्पल्स रिस्पॉन्सची फाइल वेगळी जोडावी लागते. प्लगइन ट्रॅकवर लावले तरी सॉफ्टवेअर सामान्यतः मूळ कोरडा आवाजच साठवते, त्यामुळे ॲम्पचा रंग नंतरही बदलता येतो. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये करावे आणि सर्वांत जोरात वाजवतानाही मीटर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, इतकाच गेन (इनपुटची वाढ) ठेवावा.