तपासणी झाली, रिपोर्ट हातात आला, मग गाडी घेतलीत की सोडलीत?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते, गेली 6 वर्षं पोर्शे बॉक्स्टरसाठी पैसे बाजूला टाकतेय आणि आता एक समोर आलीये. 2002 ची बॉक्स्टर एस, 3.2 लिटर, 6 गिअरची मॅन्युअल, 68 हजार मैल, मालक 14,500 डॉलर मागतोय. काल पोर्शेचंच काम करणाऱ्या एका गॅरेजात तपासून घेतली. गॅरेजवाल्या काकांनी मला लिफ्टखाली उभं करून टॉर्च मारून दाखवलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे ओलसर डाग, थेंब पडत नाही पण बोट फिरवलं की काळं होतं. तेल मागच्या मोठ्या सीलमधून येतंय की आयएमएसच्या बाजूने, ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कळणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्रँककडून कॅमशाफ्टकडे फिरणं नेणारा एक मधला शाफ्ट या इंजिनात असतो, तो म्हणजे आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट), आणि भीती असते ती त्याच्या टोकाच्या बेअरिंगची. या वर्षांच्या गाड्यांत ते गोळ्यांच्या एकेरी रांगेचं आहे, सगळ्यांचं जात नाही, पण ज्याचं जातं त्याचं अख्खं इंजिन जातं. काकांनी ऑइल फिल्टर माझ्यासमोर उघडला, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या, एकही चकाकता कण नाही. म्हणजे आज ठीक आहे, पुढचं कोण सांगणार. क्लच मूळचाच. टायरवर 3214 लिहिलंय, म्हणजे 2014 चा 32 वा आठवडा, खाचा भरपूर शिल्लक पण रबर पार दगड झालंय. डिकीतल्या कूलंटच्या टाकीला बारीक चीर. सगळं करायचं तर 4,800 डॉलर.

मला सल्ल्यापेक्षा तुमच्याबाबतीत घडलं ते ऐकायचंय. कागद हातात असताना शेवटी कशावरून ठरवलंत?

कव्हेंट्री, इंग्लंड

ताई, माझी गोष्ट माझदा एमएक्स-5 ची, 2003 ची. इथे गाडीच्या नंबरवरून जुन्या एमओटीचा, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, त्यात 2 वर्षं लागोपाठ गंजाची सूचना होती आणि तिसऱ्या वर्षी एकदम काहीच नाही. मला वाटलं दुरुस्त करून घेतलं असणार. प्रत्यक्ष बघायला गेलो तर गाडी इतकी सुंदर की बायको म्हणाली घेऊन टाक. मी खाली आडवा झालो, मागच्या चाकाच्या पुढचा सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी, बघितला, त्यावर गंज रोखायचा काळा लेप, अंडरसील फासलेलं आणि ते बोटाला चिकटलं. 20 वर्षांच्या गाडीला चिकट अंडरसील! स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, पुढे टणटण वाजतंय, मागे येईपर्यंत नुसतं भद. या गाडीच्या कापडी छताचं पाणी सिलजवळून खाली निचरतं, भोकात पालापाचोळा अडकला की पाणी आत मुरतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून शेवटपर्यंत कळत नाही. मालकाला विचारलं, हे कधी मारलंत, तो म्हणाला आधीपासूनच आहे. तिथेच माझं ठरलं. गंज नीट कापून, पत्रा वेल्ड करून होतोच की, मी त्यासाठी पैसे धरूनच गेलो होतो. पण जो माणूस तोंडावर खोटं बोलतो त्याने ऑइल तरी वेळेवर बदललं असेल कशावरून?

4 महिन्यांनी दुसरी मिळाली, गंज होता, मालकाने स्वतः हात धरून कुठे कुठे आहे ते दाखवलं. ती घेतली, आजही आहे.

ठाणे

बीएमडब्ल्यू झेड4, लाल, छत डिकीत घडी होणारी. एजंट रोज फोन करायचा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आज टोकन टाका. मी ओळखीचा मेकॅनिक घेऊन गेलो, त्याने स्कॅनर लावायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला, अगदी शेवटचा वीतभर, आणि तिथे पट्ट्यावर मातकट आडवी रेघ. मग सीटखाली हात घालून बोल्ट बघितले, गंजलेले. गाडी पाण्यात उभी राहिलेली होती. स्कॅनरवर एकही एरर नाही, कारण सगळे नुकतेच पुसलेले, गाडीने स्वतःच्या चाचण्यासुद्धा पुन्हा पूर्ण केल्या नव्हत्या. 26 जुलै 2005 ला आमच्या चाळीतल्या गाड्या मी बुडालेल्या बघितल्यात, त्यांची वायरिंग पुढे कित्येक महिने काय काय खेळ करायची तेही. मेकॅनिक काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. आम्ही निघालो.

म्युनिक

मी उलटं केलं म्हणून लिहितो. बीएमडब्ल्यू ई46 एम3, 2003 ची. या गाडीत मागचा सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा, जिथे बसतो तो तळाचा पत्रा तडकतो हे जगजाहीर, त्यामुळे तपासणीत मी तेच बघायला सांगितलं होतं. डावीकडे केसाएवढी चीर, उजवीकडे स्वच्छ. बाकी गाडी लखलखीत, इंजिनाच्या बेअरिंगसाठी कंपनीची जी रिकॉल मोहीम निघाली होती त्याचा कागद फाइलीत, सर्व्हिस बुक भरलेलं, मालक एकच. मी दोन रात्री झोपलो नाही. मग एका वेल्डिंगवाल्याकडे नुसता फोटो घेऊन गेलो आणि खर्च लिहून घेतला, आणि सबफ्रेम उतरवल्यावर दुसऱ्या बाजूलाही चीर निघाली तर किती तेही लिहून घेतलं. तो मोठा आकडा मालकाला दाखवला, त्याने निम्मा उतरवला. आणि उतरवल्यावर दुसऱ्या बाजूला निघालीच. पण तो आकडा मी आधीच सोसायची तयारी केली होती म्हणून धक्का बसला नाही. आता खालून जाड प्लेटा वेल्ड केल्यात. आल्प्समध्ये सकाळी घेऊन जातो तेव्हा 8 हजार आरपीएमला जो आवाज निघतो, त्यासाठी मी परत हेच करीन.

लेस्टर

माझदा आरएक्स-8. रोटरी इंजिन, कॉम्प्रेशन टेस्टशिवाय, म्हणजे इंजिनात दाब किती बनतो ते मोजल्याशिवाय, घ्यायची नाही असं ठरवलेलं. मागच्या रोटरचे आकडे कमी आले आणि गरम इंजिन बंद करून परत मारलं तर स्टार्टर नुसता फिरत राहिला. गाडी सोडून दहा मिनिटांत घरी.

पुणे

इंजिनाचंच बोलताय सगळे, कागदांचंही बघा. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, तपासणीत पूर्ण पास, पेंटची जाडी मोजणारा मीटर सगळीकडे 110-120 मायक्रॉन, म्हणजे कुठेच पुन्हा रंगवलेली नाही. आरसी मागितली तर कर्नाटक पासिंग आणि त्यावर बँकेचा बोजा. मालक म्हणाला लोन तर कधीच फिटलं. फिटलं असेल हो, पण बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 नाही, म्हणजे आरटीओच्या लेखी बोजा आहेच, मग एनओसीचा फॉर्म 28, इथला रोड टॅक्स नव्याने आणि तिथल्या परताव्यासाठी खेटे. मी म्हटलं बोजा उतरवा, एनओसी आणा, तोवर टोकनसुद्धा नाही. 7 आठवडे लागले. आणून दिलं त्याने, मग मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी घेतली.

टोरोंटो

माझी चूक सांगते. होंडा एस2000, 9 हजार आरपीएमवाली. रिपोर्टमध्ये 2 गोष्टी, पुढचा बंपर पुन्हा रंगवलेला आणि छताच्या कापडाला घासून भोक. मला डागच नको होता म्हणून सोडली. 2009 नंतर ती बनलीच नाही, भाव चढत गेले, आज तशी माझ्या आवाक्यात नाही. इंजिन, गिअरबॉक्स, चॅसी तिन्ही निर्मळ होतं आणि मी कापडावर अडले.

पुन्हा न्यू जर्सीहून

सगळ्यांचं दोनदा वाचलं. कव्हेंट्रीच्या दादांचं वाचून मालकाला परत फोन केला आणि सरळ विचारलं, आयएमएसचं बेअरिंग बदललंय का. तो म्हणाला नाही, दोनदा कोटेशन काढलं, दोन्ही वेळा जमलं नाही, आणि ती दोन्ही कोटेशनं मला पाठवली, 2016 आणि 2019 ची. त्यातलं एक माझ्याच काकांच्या गॅरेजचं. मग म्युनिकसारखंच, पूर्ण 4,800 स्वतःच्या खिशातून गेले असं धरून हिशोब केला, तरी झेपतंय. 11,900 ला सौदा झाला.

शनिवारी आणतेय आणि घरी न नेता सरळ गॅरेजात, फ्लॅटबेड ट्रकवर टाकून, त्या टायरवर हायवेला चढायचं नाही. गिअरबॉक्स उतरवला की जुनं बेअरिंग फेकू नका म्हणून काकांना सांगून ठेवलंय, हातात आलं की कसं निघालं ते इथे लिहिते.